हिशेब खालच्या घाटावर

देऊळघाटला पैनगंगेतून लाकूड वाहताना दिसते ते फक्त पुराच्या दिवशी. बांधावरून उपटून आलेली बाभूळ, कुणाच्या गोठ्याचा वासा, फांद्यांसकट आलेला पळस. पाणी उतरले की काठावरची पोरे ते ओढून बाहेर काढतात आणि ज्याच्या हाती जे लागेल ते त्याच्या चुलीत जाते. मोजून, शिक्का मारून, विकण्यासाठी सोडलेला सागाचा ओंडका या गावावरून गेल्याचे ऐकिवात नाही. जाणार तरी कसा? मढजवळ बुधनेश्वराला उगम पावलेली पैनगंगा देऊळघाटपर्यंत येते तेव्हा ती नुकती कुठे नदी म्हणवून घेण्याजोगी झालेली असते. पावसाळ्यात ती रस्ता अडवते, दिवाळीनंतर गुडघ्याएवढी राहते आणि चैत्रात तिच्या पात्रातून बैलगाडी सुकी पार होते. सहा-सात हात लांबीचा ओंडका तिच्यात सोडला तर पहिल्याच खडकाला अडकून पुढच्या पुराची वाट पाहत बसेल.

तरीही पाण्यातून होणाऱ्या लाकूड वाहतुकीवरच्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेची सुरुवात देऊळघाटपासून करतो आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या या माथ्यावर पावसाचे पाणी दोन वाटांनी फुटते. उत्तरेकडे उतरणारे नळगंगा-विश्वगंगेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि सुरतेच्या समुद्राला मिळते. पैनगंगेचे मात्र पूर्वेची वाट धरते. येळगावच्या धरणात बुलढाणा शहरासाठी थोडे थांबते, मेहकरवरून जाते, यवतमाळ-नांदेडच्या सीमेवर सहस्रकुंडाला कड्यावरून कोसळते आणि वढा-जुगादच्या संगमावर वर्धेत शिरते. वर्धेला चपराळ्याजवळ वैनगंगा भेटते आणि तिथून पुढे नदीचे नाव प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे देऊळघाटच्या पुलाखालून गेलेले पाणी शेवटी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात पोचते. आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत नामांकित सागाच्या जंगलाने, आलापल्ली-अहेरीच्या जंगलाने, आपले लाकूड ज्या वाटेने बाहेर पाठवले ती वाट याच पाण्याची आहे.

२०१९ साली टिपेश्वर अभयारण्याचा एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, पैनगंगा अभयारण्यातून वर सरकत सरकत डिसेंबरात बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. वर्तमानपत्रांनी त्याचे किलोमीटर मोजले. नदीच्या वाटेने उलटा प्रवास वाघाला जमतो, लाकडाला जमत नाही. या पुस्तकात जे काही सांगायचे आहे ते या एका अडचणीतून निघते. पाण्याची वाट एकेरी असते. बैलगाडीची खेप आज या बाजाराला, उद्या त्या बाजाराला नेता येते. रेल्वेचा डबा दोन्ही दिशांना जातो. नदीत ढकललेला ओंडका मात्र फक्त खाली जातो आणि खाली जो बसलेला असतो तोच तो अडवतो, मोजतो, त्याची प्रत ठरवतो, भाव सांगतो. वर जंगलात झाड तोडणाऱ्याच्या हाती उरते ती मजुरी. हे गोदावरीवर घडले, ब्रह्मदेशात घडले, हिमालयातही घडले.

त्याआधी लाकूड तरंगते का, हे पाहून घेऊ. लाकूड म्हटले की तरंगणारच, असे आपण धरून चालतो. आपल्या जंगलातली निम्मी लाकडे या समजुतीला दाद देत नाहीत. ऐन आणि शिसम ओले असताना सरळ तळ गाठतात. साग वाळला की घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एक तृतीयांश अंग पाण्याबाहेर ठेवून मजेत तरंगेल. पण नुकता तोडलेला साग रसाने इतका जड असतो की पाण्यात जेमतेम पाठ दाखवतो, नाहीतर बुडतोच. हिमालयातल्या देवदाराला आणि चीडला ही अडचण नाही. ती लाकडे मुळातच हलकी. तेलुगू ‘पुष्पा’ मराठी घरांतही पाहिला गेला, त्यात रक्तचंदनाचे ओंडके नदीच्या धारेला लागून झोकात निघून जातात. खऱ्या रक्तचंदनाचा चांगला ओंडका पाण्यात टाकला तर तो तळाला जातो, आणि अस्सल लाकूड ओळखायची एक जुनी खूणही तीच आहे. सिनेमाला ते माफ.

सागाला तरंगवण्याचे दोन मार्ग होते. एक ब्रह्मदेशी. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि तिच्या आतले कच्चे लाकूड कापत, पार पक्क्या लाकडापर्यंत, गोल खाच पाडायची. याला वनखात्यात गर्डलिंग म्हणतात. मुळांकडून वर जाणारा रस तुटतो, पाने गळतात, झाड उभ्या उभ्या मरते आणि उन्हापावसात दोन-तीन वर्षे वाळत राहते. मग ते तोडायचे. खोडाच्या आतला ओलावा एवढा गेलेला असतो की ओंडका पाण्यावर येतो. आज खाच पाडणाऱ्या माणसाला ते लाकूड नदीत सोडलेले पाहायला काही पावसाळे थांबावे लागे, आणि व्यापाऱ्याचे भांडवल तेवढा काळ जंगलात उभे राही. दुसरा मार्ग गोदावरीचा. तिथे घाई असलेला माणूस बांबूला हाक मारी. बांबूची पेरी आतून पोकळ, हवेने भरलेली. सागाच्या ओंडक्यांच्या बाजूंना आणि मधल्या फटींत बांबूच्या मोळ्या वेलींनी किंवा दोरखंडांनी आवळून बांधल्या की जड ओंडकेही त्या आधारावर तरंगत जात. बांबू खाली पोचल्यावर वेगळा विकला जाई. जंगलात साग आणि बांबू एकाच डोंगरावर वाढतात, ही गोष्ट तराफेवाल्यांच्या फार कामाला आली.

तराफा बांधणे हे कसबाचे काम. ओंडक्याच्या टोकाला आरपार भोक पाडायचे, त्यातून दोर ओवायचा. जंगलातून नदीपर्यंत ओढून आणताना तेच भोक बैलांच्या किंवा रेड्यांच्या साखळीसाठी उपयोगी पडलेले असते. ओंडके शेजारी शेजारी लावायचे, जाड बुंध्याची बाजू एकीकडे, निमुळती दुसरीकडे, असे आलटून पालटून, नाहीतर तराफा एका अंगाला कलतो. वर आडवे बांबू टाकून बांधायचे. पण बांधणी फार घट्ट केली तर पहिल्याच वळणावर खडकाला टेकून सगळे तुटते. दोन ओंडक्यांमध्ये थोडी हालचाल राहिली पाहिजे, म्हणजे लाट आली की तराफा वाकतो आणि पुढे जातो. मागेपुढे लांब बांबू घेऊन माणसे उभी. ती तराफा ढकलत नाहीत. ढकलायचे काम पाणी करते. त्यांचे काम एवढेच, की तराफा काठाला लागू द्यायचा नाही, डोहात फिरू द्यायचा नाही आणि खडकाच्या आधी धार ओळखायची. प्रवास दिवसांचा असल्याने तराफ्यावरच मातीचा थर देऊन चूल मांडलेली असे आणि वर झावळ्यांचे किंवा तट्ट्याचे छप्पर.

सोडण्याचा मुहूर्तही पंचांगापेक्षा पाण्यावर ठरे. भर पावसाळ्यात नदी ओंडका घेऊन जाते खरी, पण कुठे नेऊन टाकेल याचा भरवसा नाही; पूर ओसरल्यावर लाकूड नदीपासून शेतांत पसरलेले सापडते, नाहीतर सापडतच नाही. उन्हाळ्यात पाणी नाही. मधला काळ तो आपला. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी असते, म्हणून त्यांना वर्षात दोन संधी मिळतात. दख्खनच्या नदीला आभाळाकडून मिळेल तेवढेच, आणि तेही चार महिन्यांत. पैनगंगेच्या वरच्या अंगाला तराफे का दिसले नाहीत याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे सहस्रकुंडाला जाऊन पाहावे. त्या कड्यावरून पडलेल्या ओंडक्याचे खाली सरपण होईल, इमारती लाकूड राहणार नाही.

प्राणहितेवर आणि गोदावरीवर असा एकच मोठा कडा नाही, पण खडकांचे पट्टे आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज इंजिनिअरांनी त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक दिले होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा सिरोंच्याच्या खालच्या अंगाला इंचमपल्लीला आणि तिसरा अहेरीकडे, प्राणहितेवर देवलमरीला. सर आर्थर कॉटन हे नाव आंध्रात अजून आदराने घेतले जाते, कारण धवळेश्वरमचा बंधारा त्याने १८४७ ते १८५२ या काळात बांधून गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात पाणी खेळवले. त्याचे पुढचे स्वप्न आपल्याशी संबंधित आहे. समुद्रापासून वर्धेच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे वऱ्हाडच्या कापसापर्यंत, नदीतून बोटी न्यायच्या. खडकांच्या प्रत्येक पट्ट्याला वळसा घालून कालवा आणि दरवाजे बांधायचे. हेग नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने या कामात वर्षे घातली. दुम्मागुडेमचा बंधारा झाला, देवलमरीलाही काम सुरू झाले आणि १८७१ मध्ये सरकारने सगळी योजना गुंडाळली.

का गुंडाळली, ते कळायला बुलढाणा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. जी.आय.पी. रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत वऱ्हाडातून पुढे गेली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटा निघाला. तो कापसाच्या बाजारासाठीच टाकलेला होता आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. खामगावचा गाठोडी बांधलेला कापूस आता दोन-तीन दिवसांत मुंबई बंदरावर. त्याला प्राणहितेतल्या खडकांमधून काकिनाड्याला नेण्याची गरज कुणाला? ज्या पाण्याचा उगम या जिल्ह्यात त्याच पाण्याचा जलमार्ग याच जिल्ह्यातल्या रुळांनी निकाली काढला. कॉटनच्या योजनेचा फज्जा हा आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकात एका वाक्यातही येत नाही. खरे तर विदर्भाचे तोंड पूर्वेच्या समुद्राकडे वळवायचा तो शेवटचा गंभीर प्रयत्न होता.

बोटी आल्या नाहीत, पण लाकूड जात राहिले. तराफ्याला कालवा आणि दरवाजे लागत नाहीत; योग्य पाण्यात, योग्य माणसाच्या हाती तो खडकांमधूनही निघतो. गोदावरीच्या मुखाशी लाकडाची भूक जुनी होती. नरसापूरला सतराव्या शतकात जहाजे बांधली जात, पुढे कोरिंगा हे जहाज बांधणीचे आणि दुरुस्तीचे बंदर होते. या बंदरांना लागणारा साग वरच्या डोंगरांतून नदीने उतरे. राजमहेंद्रीच्या घाटावर तराफे सोडवले जात, ओंडके काठावर चढवले जात, घेर मापला जाई आणि तिथल्या व्यापाऱ्याच्या वहीत तेलुगूत नोंद होई. आलापल्लीच्या सागाचा इतिहास महाराष्ट्रातल्या दप्तरांत तुटक सापडतो त्याचे कारण हे. झाड इथे, वही तिथे. जंगलात काम करणारे माडिया आणि गोंड, पाण्यावर काम करणारे नदीकाठचे नावाडी, आणि मोजमाप करणारा तीनशे मैल खाली बसलेला. पहिल्या दोघांची नावे वहीत यायचे कारणच नव्हते.

मोजमापाचा हा मुद्दा कुठवर जाऊ शकतो ते पाहायचे तर रत्नागिरीला जावे. थिबा पॅलेस पाहायला शाळांच्या सहली जातात, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवले होते एवढे मार्गदर्शक सांगतो आणि मुले समुद्र बघायला पळतात. राजा रत्नागिरीत का आला याचे निदान निम्मे उत्तर सागाचे ओंडके हे आहे. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने मिंडोन राजाच्या आणि नंतर थिबाच्या राज्यातल्या निंग्यान जंगलाचा ठेका घेतला होता. झाडे राजाच्या हद्दीत तोडायची. हत्तींनी ती कोरड्या ओढ्यांत आणून टाकायची. पावसाळ्यात ओढे फुगले की ओंडके सितांग नदीत उतरायचे आणि वाहत वाहत इंग्रजी हद्दीतल्या तौंगूला पोचायचे. राजाला पैसे ओंडक्यागणिक. पण ओंडके मोजणार कोण आणि कुठे? वर जंगलात किती तोडले याचा आकडा एक, खाली किती पोचले याचा दुसरा, आणि ‘हे चांगले, हे पोकळ, हे वाटेत गेले’ असा फरक करायची मोकळीक ठेकेदाराला. १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने ठरवले की कंपनीने ओंडके चोरून नेले, नेले त्याहून फार कमी दाखवले, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने इंग्रज सरकारकडे धाव घेतली. फ्रेंचांचा मंडालेत वाढत चाललेला शिरकाव इंग्रजांच्या डोळ्यांवर आलेलाच होता. दंडाने निमित्त पुरवले. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता, नोव्हेंबरमध्ये फौज, महिना संपायच्या आत मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झाल्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी राजा राणीसह रत्नागिरीत आणला गेला. पॅलेस बांधून होईपर्यंत १९१० उजाडले. १९१६ मध्ये थिबा तिथेच वारला.

दंड खरा होता की दरबाराने कंपनीला पिळण्यासाठी रचला होता, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. माझ्या दृष्टीने वादाचे मूळ नदीच्या रचनेत आहे. वरचा माणूस खालच्या मोजणीवर कधीच पूर्ण विश्वास ठेवू शकत नाही आणि खालच्या माणसाला वर जाऊन मोजायची गरज वाटत नाही. राजाच्या हाती फक्त उगम होता.

ओंडका पाण्यात पडला की त्याच्यावर मालकाची खूण म्हणजे हातोड्याचा शिक्का. लोखंडी हातोड्याच्या तोंडावर अक्षर किंवा आकृती उलटी कोरलेली असते. ती ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर जोरात मारली की लाकडात खोल उमटते. वनखात्याचा, ठेकेदाराचा, संस्थानाचा, प्रत्येकाचा शिक्का वेगळा. शंभर जणांचे ओंडके एकाच पुरात मिसळले तरी खाली निवड करता यायला हवी. म्हणून तोंडाचा शिक्का तासून काढणे हा नदीकाठचा जुना गुन्हा आणि तासून काढलेल्या जागेवर नवा शिक्का मारणे हा त्याहून मोठा. अनुभवी चौकीदार ताज्या तासलेल्या तोंडाचा रंग पाहून ओळखतो. जुने तोंड पाण्याने काळवंडलेले असते.

हा सगळा व्यवहार भारतीय वन अधिनियमात अजून शाबूत आहे, हे वाचून पहिल्यांदा मौज वाटते. १९२७ चा हा कायदा, १८७८ च्या कायद्यावर बेतलेला. त्याचे सातवे प्रकरण लाकडाच्या वाहतुकीचे; कलम ४१ मध्ये लाकूड तरंगवण्याच्या संबंधात सगळ्या नद्या आणि त्यांचे काठ यांच्यावर नियंत्रण सरकारचे, असे म्हटले आहे. आठवे प्रकरण तर पूर्णपणे वाहून आलेल्या आणि काठाला लागलेल्या लाकडाचे आहे. तरंगताना सापडलेले, काठाला लागलेले, रुतलेले किंवा बुडालेले लाकूड हे कुणी आपला हक्क सिद्ध करीपर्यंत सरकारचे समजायचे. सरकारने ते गोळा करून डेपोत ठेवायचे, नोटीस काढायची, मालकाला दावा सांगायला किमान दोन महिने द्यायचे, आणि दावा खरा ठरला तरी लाकूड गोळा करण्याचा खर्च भरल्याशिवाय द्यायचे नाही. पुरानंतर पैनगंगेतून वासा ओढून काढणाऱ्या देऊळघाटच्या पोराला हे कलम माहीत नाही आणि त्याच्या मागे कुणी लागतही नाही. पण त्याच्या वडिलांना कलम ४१ चांगले माहीत आहे, फक्त त्या नावाने नाही. शेताच्या बांधावर वाढवलेला साग तोडायचा तर परवानगी, आणि आरागिरणीवर न्यायचा तर वाहतूक पास. त्या पासाची तरतूद याच कलमातून आलेली. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नदी आणि रस्ता एकाच वाक्यात होते. नदी गेली, पास राहिला, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सागाच्या चार बल्ल्या टाकून निघालेला शेतकरी अजून तराफ्याच्या कायद्याखाली वनपालाच्या पुढे उभा राहतो.

पश्चिमेकडचा प्रकार निराळा आणि त्यावर मी फार रेंगाळणार नाही, कारण तिथे वाट छोटी आणि मोजणारा जवळ. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या उतरतात एकदम, तरंगत्या लाकडाला फोडून काढतात आणि खाडीला लागल्यावरच सौम्य होतात. काळी नदीत हल्याळ-सुप्याच्या जंगलातला साग कद्र्यापर्यंत येई आणि तिथून भरती-ओहोटीच्या पाण्यावर कारवार-सदाशिवगडच्या मुखाशी. मलबारात बेपूर नदीने हेच काम मोठ्या प्रमाणात केले. तो साग मुंबईच्या गोदीत आला आणि वाडियांच्या हाताखाली त्याची जहाजे झाली; १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. जहाजासाठी लाकूड कुठून घ्यावे याचा विचार मराठ्यांनीही केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग घ्यावा तर हुजुराची परवानगी घेऊन घ्यावा, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी समज आहे. झाड कुणाचे, हा प्रश्न तिथे झाडापाशीच विचारला आहे, खालच्या घाटावर नाही. म्हणून ते पान मला फार वेगळे वाटते.

हिमालयात हा प्रश्न विचारलाच गेला नाही. फ्रेडरिक विल्सन नावाचा एक इंग्रज, ‘पहाडी विल्सन’ म्हणून ओळखला गेलेला, हर्सिलला राहिला आणि १८५० च्या दशकात टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका घेऊन देवदार भागीरथीत सोडू लागला. खाली हरिद्वारला ते अडवले जात. रेल्वेच्या रुळांखाली मैलाला पावणेदोन-दोन हजार स्लीपर लागत आणि ते दहा-पंधरा वर्षांत कुजून बदलावे लागत. त्यामुळे मागणीला अंत नव्हता. पुढे ओंडक्यांऐवजी जंगलातच चिरलेले स्लीपर सोडण्याची पद्धत पडली. चौकोनी तुकडा खडकांमध्ये अडकला तर एक माणूस काठीने सोडवू शकतो. त्या थंडगार पाण्यात फुगवलेल्या कातड्याच्या मशकीवर पोट टेकून माणसे उतरत आणि अडकलेल्या लाकडांचा गुंता सोडवत. या पुस्तकात त्यांच्यावरचे प्रकरण सर्वांत धोक्याच्या कामाचे आहे, आणि सर्वांत कमी पगाराचेही.

युरोपचे उदाहरण एवढ्याचसाठी, की तिथे या धंद्याला प्रतिष्ठा मिळाली. अठराव्या शतकात ऱ्हाइनवरून हॉलंडकडे जाणारे तराफे शेकडो मीटर लांब असत आणि त्यांच्यावर शेकडो माणसांचा ताफा राबे. लहान ओढ्यांवर लाकडी बांध घालून पाणी साठवत, मागे ओंडके जमवत आणि एकदम बांध उघडून सगळे खाली सोडत. कमी पाण्याच्या नदीवरचा तोडगा म्हणून ही युक्ती नोंद करण्यासारखी; पैनगंगेसारख्या नदीवर ती चालली असती की नाही, हा माझा रिकाम्या वेळचा विचार आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात केनेबेक नदीवर शेवटचे ओंडके १९७६ मध्ये सोडले गेले. २०२२ मध्ये युनेस्कोने जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, स्पेन वगैरे सहा देशांतल्या तराफेवाल्यांची कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. तिथले तराफेवाले आता सणाला पोशाख करून तराफे बांधतात. गोदावरीच्या तराफेवाल्यांसाठी असा अर्ज कुणी केला तर पहिली अडचण हीच येईल, की अर्ज करायचा कोणत्या राज्याने. झाडे महाराष्ट्राची आणि छत्तीसगडची, खडक तेलंगणाचे, घाट आंध्राचा.

आलापल्लीच्या सागाने नदीची वाट सोडली त्याची तारीख लावायची तर १९२९ म्हणता येईल. त्या वर्षी काझीपेट-बल्लारशाह रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडले गेले. आलापल्लीच्या लाकडाला बल्लारशाहची, म्हणजे बल्लारपूरची, पेठ मिळाली. मोजणी उलट दिशेला, उत्तरेला सरकली. आज बल्लारपूरच्या डेपोत लिलाव होतात. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठीचे सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत ट्रकने निघाले, त्याच्या मिरवणुकीची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. आलापल्लीजवळ मूळ जंगलाचा एक छोटा तुकडा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने न तोडता राखलेला आहे. जैवविविधता वारसा स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. तिथल्या जुन्या सागाच्या बुंध्याला दोन-तीन माणसांनी हात जोडावे तेव्हा कवेत येतो. अशा एका झाडाला बांबूचा किती आधार लागला असेल याचा अंदाज तिथे उभे राहून करता येतो.

नदीची पद्धत पूर्ण मेली असे मात्र नाही. सिरोंचा तालुक्यातून तेलंगणाकडे होणारी सागाची चोरटी वाहतूक वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. रात्री ओंडके काठावर आणायचे, तराफ्यासारखे बांधायचे आणि प्राणहिता किंवा गोदावरी पार करून पलीकडे काढायचे. नावाड्याची, धारेची, बांधणीची सगळी जुनी विद्या तिथे जिवंत आहे, फक्त शिक्क्याशिवाय. आणि खालच्या काठावर मोजणारा अजून आहेच. चोरीच्या ओंडक्याचा भावही तोच ठरवतो, तोडणाऱ्याच्या वाट्याला तीच मजुरी येते आणि पकडला गेलाच तर गुन्हाही बहुधा त्याच्याच नावावर. २०१९ मध्ये प्राणहिता-गोदावरीच्या संगमाच्या खाली मेडिगड्ड्याचा बंधारा उभा राहिला, २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. राजमहेंद्रीपर्यंत सलग जाणारे मोकळे पाणी आता राहिलेले नाही. शंभर-दीडशे कोसांच्या प्रवासाचा दोन काठांमधला खेळ झाला आहे.

या पुस्तकाची प्रकरणे मी नदीच्या उगमापासून लावायला घेतली तेव्हा ती लागेनात. कागद सगळे खालचे होते. म्हणून पहिले प्रकरण राजमहेंद्रीच्या घाटावर सुरू होते, दुसरे दुम्मागुडेमच्या खडकांत, आणि आलापल्लीचे जंगल तिसऱ्या प्रकरणात येते. ब्रह्मदेश आणि रत्नागिरी चौथ्यात, हिमालय पाचव्यात, कारवारची खाडी शेवटी. ज्यांना जंगलापासूनच वाचायचे आहे त्यांनी खुशाल तिसऱ्यापासून सुरुवात करावी. फक्त गर्डलिंगची आणि बांबूच्या बांधणीची पाने आधी वाचून घ्यावीत, नाहीतर सागाचा ओंडका पाण्यावर आलाच कसा, हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात अडवील.